तळले लाडू, चारशे सत्तर ओहम

मी स्वभावाने शांत माणूस आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून एखाद्याचा गैरसमज व्हायचा. एकतीस वर्षं मी हायस्कुलात विज्ञान शिकवलं आणि त्या एकतीस वर्षांत एकाही पोरावर हात उगारला नाही. आवाज उगारला असेल. पण आवाजाने वळ उठत नाहीत.

निवृत्तीनंतरही हेदवी आणि वेळणेश्वर यांच्या मधल्या आमच्या वाडीतली दहा-बारा पोरं रोज संध्याकाळी माझ्या पडवीत येतात. मी म्हणतो, ज्ञानासाठी येतात. मथुरा, म्हणजे आमची सौ., म्हणते, चहा-बटरसाठी येतात. चाळीस वर्षांच्या संसारात मी या असल्या बोलण्याने कधी चिडलो नाही.

या वर्षी मी पोरांना रेझिस्टर शिकवायला घेतला. रेझिस्टर म्हणजे तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा, दोन्ही टोकांना तारेच्या मिशा असलेला एक गरीब जीव. विजेच्या वाटेत बसायचं आणि तिला "जरा हळू" म्हणायचं, एवढंच त्याचं काम. किती हळू, ते ओहममध्ये मोजतात. पण हा आकडा त्याच्या अंगावर लिहिलेला नसतो, अंगच केवढंसं! म्हणून त्याच्यावर रंगीत पट्टे असतात आणि प्रत्येक रंगाचा एक आकडा असतो. काळा शून्य, तपकिरी एक, लाल दोन, नारिंगी तीन, पिवळा चार, हिरवा पाच, निळा सहा, जांभळा सात, राखाडी आठ, पांढरा नऊ. पहिले दोन पट्टे आकडे सांगतात, तिसरा सांगतो पुढे शून्यं किती. शेवटी बहुधा एक सोनेरी पट्टा असतो. त्याचा अर्थ, पाच टक्के चूक माफ.

माणसांना असा पट्टा नसतो, हे मला पुढे कळायचं होतं.

हे सगळं पोरांना खेळता खेळता यावं म्हणून मी जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्याचं एक चक्र केलं. एकावर एक तीन चकत्या, त्यांवर रंग. फिरवून पट्टे जुळवले की खिडकीत आकडा दिसतो. मधला खिळा म्हणून मथुराच्या पोलक्याचं टिचबटण लावलं (याबद्दल घरात जे बोलणं झालं ते शास्त्राच्या इतिहासात नोंदवण्यासारखं नाही). चक्राच्या मागे ओहमच्या नियमाचा त्रिकोण काढला. वर व्होल्टेज, खाली करंट आणि रोध. जे काढायचं त्यावर बोट ठेवायचं, उरलेले दोन सांगतात भागायचं की गुणायचं.

पण चक्र हरवलं तर? भिजलं तर? रंगांचा क्रम डोक्यातच हवा. त्यासाठी पुस्तकांतून एक इंग्रजी वाक्य देतात. आमच्या पोरांनी उसनं वाक्य का म्हणून वापरावं? दोन दिवस मी खपलो आणि दहा रंगांच्या पहिल्या अक्षरांवर दहा शब्दांचं मराठी वाक्य बांधलं:

"काशीरामाने तळले लाडू, नातवाने पिशवीतून हिसकून, निसटून जांभूळवाडीत रात्री पांगवले."

का, त, ला, ना, पि, हि, नि, जां, रा, पां. काळा, तपकिरी, लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा, राखाडी, पांढरा. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. पोरांनी पहिल्याच दिवशी पाठ केलं. मी इतका खूश झालो की सगळ्यांना दोन-दोन बटर दिले.

पोरांमध्ये मनस्वी नावाची आठवीतली मुलगी आहे. तिचे वडील भागोजी तिठ्यावर मिक्सर, पंखे, रेडिओ दुरुस्त करतात. तोही माझाच विद्यार्थी. मनस्वीला वडलांच्या टेबलाशी बसून सोल्डरिंग करायचं होतं. गेलं वर्षभर ती मागे लागली होती आणि भागोजी टाळत होता. शेवटी तो म्हणाला, "तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात पास हो, रत्नागिरीला जिल्ह्याला जा. मंग सोल्डरिंग तुझ्या हातात. तोपर्यंत हात लावलास तर बघ."

तिने आडून आडून बोलणं माझ्यापर्यंत आणलं. "नाना, मी तुमचं चक्र घेऊन जाऊ? मी नवीन करीन, तुमचं टिचबटण नको."

मी लगेच हो म्हणालो. एक पुठ्ठ्याचं चक्र, एक वाक्य, एक हुशार पोर. यात बिघडण्यासारखं काय होतं?

पहिला आला काशीराम. हा माझा शेजारी. त्याचं नाव 'का'ने सुरू होतं, एवढाच त्याचा या शास्त्राशी संबंध. तो आमच्या दोन आवारांमधल्या दगडी गडग्यावर उभा राहून म्हणाला, "नानानू, पोरां काय बोलतंत ता मी आयकलंय. माजा नाव घालून."

"अरे, रंग लक्षात राहायला आहे ते."

"ता ऱ्हांवद्या. पन लाडू तळतंत काय कदी? लाडू वळतंत! लोकां मना हसतील. बोलतील, काशीरामाला लाडू कसा करतात ता म्हायत नाय."

मी अत्यंत शांतपणे सांगितलं की 'त' हवा आहे, तपकिरीचा. 'वळले' म्हटलं तर 'व' येतो आणि 'व'चा रंग नाही.

"वांगी रंग हाय ना."

"रेझिस्टरवर नाही!"

"वरडता कशाला?" काशीराम म्हणाला. मी ओरडलो नव्हतो. गडगा लांब आहे, म्हणून आवाज थोडा पोचवला होता.

शनिवारी त्याचा मुलगा विनीत लोट्याहून आला. तो तिथल्या रसायनांच्या कारखान्यात आहे, पाळी संपली की कंपनीच्या बसने येतो आणि येताना जगाला सुधारण्याच्या चार कल्पना घेऊन येतो. त्याने चक्र हातात घेतलं, उलटसुलट केलं. मागे त्रिकोणाशेजारी "आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं" असं छापलेलं होतं, ते वाचलं आणि हसला.

"नाना, हे सगळं अ‍ॅपमध्ये येतं. फुकट."

त्याने फोन काढला. अ‍ॅपने आधी केसांच्या तेलाची जाहिरात दाखवली, मग पाच सेकंद थांबायला लावलं, मग रंग विचारले. विनीतने एक रेझिस्टर डोळ्यांजवळ धरला आणि माझ्याकडे पाहिलं. "नाना, हा दुसरा कुठला, निळा की जांभळा?"

"अ‍ॅपला विचार," मी म्हणालो.

"ते अ‍ॅपला सांगावं लागतं."

"मग रंग ओळखायचा मी, क्रमाने सांगायचा मी, तेलाची जाहिरात बघायची मी, आणि हुशार कोण? अ‍ॅप!"

विनीतने फोन खिशात घातला आणि जाता जाता म्हणाला, "आणि नाना, वाक्यातला नातू म्हणजे आमचा समर्थ. पाच वर्षांचा आहे तो. हिसकून नेतो वगैरे असं तालुक्यात लावू नका हां. शाळेत घालायचाय त्याला."

मनस्वीची आजी येसूबाई मात्र चक्र बघून फार प्रसन्न झाल्या. ते त्यांना जन्मपत्रिका बघायचं वाटलं. "गुरजीनू, माज्या गुडघ्याला कंचा रंग निगतो ता बगा," म्हणाल्या. मी समजावून सांगितलं. त्यांना कळलं नाही, पण निदान त्यांनी दुरुस्ती सुचवली नाही. या सबंध प्रकरणात दुरुस्ती न सुचवणारी ती एकमेव प्रौढ व्यक्ती, म्हणून त्यांच्याबद्दल मला आदर आहे.

मग अर्ज. मनस्वीच्या शाळेच्या मुख्याध्यापिका श्रद्धा मॅडम भल्या बाई. त्यांनी फॉर्म भरला, वाक्य वाचलं आणि चष्मा काढला. "नाना, यात एका जिवंत माणसाचं नाव आहे. त्यांचं ना-हरकत पत्र लागेल."

"कोणाचं?"

"काशीरामांचं. नियम आहे."

असा नियम कुठे आहे हे मी विचारलं. त्यांनी परिपत्रक दाखवलं. सार्वजनिक प्रदर्शनातील साहित्यात व्यक्तींची नावे वापरल्यास, वगैरे. परिपत्रक बहुधा पुढाऱ्यांच्या फोटोंसाठी काढलं असावं. पण परिपत्रक निघालं की ते वाऱ्यासारखं असतं, कोणाच्याही घरात शिरतं.

मी काशीरामाकडे गेलो. आयुष्यात प्रथमच त्याच्याकडे काही मागायला गेलो आणि हे त्याला माझ्याआधी कळलं होतं. त्याने खुर्ची दिली, कोकम सरबत दिलं आणि सावकाश म्हणाला, "सही देतो. पन 'वळले' करा."

"काशीराम, पोरीचं नुकसान होईल."

"मंग माजा नाव काढा."

"'का' कुठून आणू?"

"तुमी येवढे शिकल्याले, तुमाला 'का' गावत नाय?"

खरं सांगायचं तर गावला असता. कावळा होता, कासव होतं, कारलं होतं. पण आता प्रश्न तत्त्वाचा झाला होता. मी सरबत अर्धं ठेवून उठलो, जे मी सहसा करत नाही. शेवटी काशीरामाने सही दिली, पण कागदावर स्वतःच्या हाताने लिहिलं, "'वळले' या शब्दासह हरकत नाही." मी ठरवलं, कागद फाइलला लावू, प्रदर्शनाच्या फलकावर आपलं 'तळले' लिहू. कोण बघतंय?

बघणारे होते. तालुक्याच्या गावी एका खोलीत एक साहेब बसले होते आणि त्यांच्यासमोर मंजुरीसाठी आलेल्या फलकांच्या मजकुराचा गठ्ठा होता. वय पस्तीस असेल. हातात लाल पेन. हे लाल पेन मी ओळखतो. एकतीस वर्षं माझ्याही हातात होतं. पण मी ते चुकीवर चालवायचो.

"छान आहे," साहेब म्हणाले. "फक्त थोड्या भाषिक सुधारणा. पिशवी म्हणजे प्लास्टिकची वाटते. आपला संदेश काय? 'कापडी थैलीतून' करा."

"साहेब, 'पि' पिवळ्याचा आहे."

"थैली पिवळी दाखवा चित्रात." त्यांनी खोडलंसुद्धा. "'हिसकून' नको. मूल्यशिक्षणाच्या विरुद्ध जातं. 'मागून' करा. 'निसटून' म्हणजे पळून जाणं. 'सांगून' करा. रात्री मुलांनी बाहेर जाणं सुरक्षित नाही. 'दिवसा'. आणि 'पांगवले' काय? 'वाटले' चांगलं. वाटून खाण्याचा संस्कार."

मी टेबलाला हात टेकले. माझा आवाज, मथुराच्या भाषेत, "उकळीच्या आधीचा" झाला होता. "साहेब, हे वाक्य नाही. ही किल्ली आहे. किल्लीचे दात चांगले दिसत नाहीत म्हणून तुम्ही कानशीने घासता आहात. मग कुलूप कसं उघडायचं?"

साहेबांनी माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं. ही सहानुभूती मला सगळ्यांत जास्त झोंबली. "काका," ते म्हणाले, "अर्थ तोच राहतो ना?"

मी त्यांना सर न म्हणता साहेब म्हणत होतो आणि ते मला सर न म्हणता काका म्हणत होते. एवढ्यावरून तालुक्यात शिक्षणाची काय स्थिती आहे ते समजावं. मी बाहेर आलो आणि जिन्यावर मनस्वी उभी होती. तिने माझा चेहरा पाहिला आणि गुपचूप पाण्याची बाटली पुढे केली. तिच्या ओठांवर काहीतरी पुटपुटणं चाललं होतं. मी विचारलं, "काय गो?"

"काय नाय नाना. रंग म्हणतेय."

तेव्हा मला कौतुक वाटलं.

एवढ्यात शेजारच्या जांभूळवाडीला कळलं. कसं कळलं ते विचारू नका. आमच्याकडे टपाल चार दिवसांनी येतं, बातमी आधी येते. जांभूळवाडी मंडळाचा अध्यक्ष बाबू, मागे सहा जण, असे सकाळी पडवीत आले. चपला रांगेत काढल्या. ही रांग बघूनच मी ओळखलं की भांडायला आलेत.

"नाना, तुमच्याबद्दल आदर आहे," बाबू म्हणाला. आदराने सुरू झालेलं बोलणं कुठे जातं ते सांगायला नको. "पण चोरीचे लाडू आमच्याच वाडीत का?"

"कारण तुमच्या वाडीत 'जां' आहे."

"जांभूळ म्हणा की नुसतं."

"'जांभळात पांगवले' म्हणू? अर्थ काय होईल?"

"आता अर्थ बघताय होय?" मागून एक जण म्हणाला. "लाडू तळताना नाय बघितलात!"

सगळे हसले. माझ्याच पडवीत, माझ्याच सतरंजीवर बसून, माझाच चहा पिऊन हसले. मथुरा दाराआड उभी होती. तिचेही खांदे हलत होते. मी काही बोललो. काय बोललो ते मला आठवत नाही, पण समोरच्या माडावरचे कावळे उडाले असं मनस्वीने नंतर सांगितलं. बाबूने तालुक्याला तक्रार केली. दोन दिवसांत साहेबांनी 'जांभूळवाडीत'चं 'शेजारच्या वाडीत' केलं, आणि फाइलमधलं काशीरामाचं पत्र वाचून 'तळले'चं 'वळले' केलं. शिवाय वाद नको म्हणून काशीरामाचं नावही काढलं. काशीराम यावर माझ्यावर रागावला. म्हणाला, "नाव घातलंत तवा विचारलांत नाय, काढलंत तवाबी नाय."

मी नवीन वाक्य पाठवलं. साहेबांनी सांगितलं, मजकूर आता मंजूर झाला आहे, बदल करायचा तर पुन्हा अर्ज, पुन्हा समिती, आणि समिती आता पुढच्या वर्षी. मंजूर मजकूर थेट फलक छापणाऱ्या सुजयकडे गेला होता. मी धावत सुजयकडे गेलो. फलक मशीनमधून बाहेर येत होता, सहा फूट लांब, चकचकीत, कोपऱ्यात पिवळी थैली:

"एका आजोबांनी वळले लाडू, नातवाने कापडी थैलीतून मागून, सांगून शेजारच्या वाडीत दिवसा वाटले."

व्याकरणाला धरून, संस्काराला धरून, पर्यावरणाला धरून. कोणाच्या भावना दुखावत नव्हत्या. दहा रंगांपैकी लाल आणि नारिंगी एवढे दोन जिवंत होते. बाकी आठ या वाक्याने खाल्ले होते.

"मस्त झालाय ना?" सुजय म्हणाला. "लाडवांचा फोटो मी माझ्याकडून टाकलाय."

मी मनस्वीला म्हणालो, "फलकाकडे बघायचंच नाही. चक्र हातात आहे, ते फिरव आणि दाखव." तिने मान हलवली. तिने चक्र फार सुरेख केलं होतं. माझ्यापेक्षा चांगलं. मधला खिळा भागोजीने पंख्याच्या जुन्या सुट्या भागातून दिला होता. याचा अर्थ त्याला मनातून पोरीला पास व्हायला हवं होतं, फक्त बोलायचं नव्हतं.

प्रदर्शनाच्या दिवशी हायस्कुलाच्या सभागृहात चाळीस टेबलं मांडली होती. मी, मथुरा, भागोजी, येसूबाई, पडवीतली सगळी पोरं आणि, मी बोलावलं नसताना, काशीराम आणि छोटा समर्थ. परीक्षक होते एक निवृत्त अभियंता, उंच, कमी बोलणारे. मनस्वीने चक्र फिरवून दाखवलं. त्यांनी मान डोलावली. मला बरं वाटलं. मग त्यांनी खिशातून नऊ व्होल्टची बॅटरी काढली, लाल एलईडी काढला, एक मूठभर रेझिस्टर टेबलावर टाकले आणि म्हणाले, "हा दिवा न जळता लागला पाहिजे. रेझिस्टर निवड. चक्र बाजूला ठेव. साधन नसताना येतं का, ते बघतो. तुमचा फलक आहेच ना, तो बघ हवं तर."

मनस्वीने हिशेब केला. नऊतून दिव्याचे दोन गेले, राहिले सात व्होल्ट. करंट पंधरा मिलिअँपियर. हवेत बोटाने त्रिकोण काढला, रोधावर बोट ठेवलं, भागाकार. "चारशे सदुसष्ट ओहम. बाजारात चारशे सत्तरचा मिळतो, तो चालेल."

"ओळख मग त्यातून."

चार, सात, आणि पुढे एक शून्य. पिवळा, जांभळा, तपकिरी. पोरीने ढिगाकडे पाहिलं. मग, माणसाची मान जशी आपोआप वळते, तशी तिची मान फलकाकडे वळली. आजोबा, वळले, लाडू. तिच्या चेहऱ्यावर गोंधळ पसरला. पिवळा नव्हता. जांभळा नव्हता. तपकिरी नव्हता. तिचा हात एका रेझिस्टरवर गेला, मागे आला, दुसऱ्यावर गेला. भागोजीने दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले होते.

त्या क्षणी मी शांतपणे सूचना केली.

"तो फलक चुकीचा आहे! लाडू तळलेलेच आहेत! तळलेलेच!"

चाळीसही टेबलांवरची डोकी माझ्याकडे वळली. एका स्वयंसेवकाने माझा दंड धरला. "आजोबा, पालकांनी बाहेर थांबायचं." एकतीस वर्षं मी याच तालुक्यात पालकांना बाहेर थांबायला सांगत आलो. आज मला व्हरांड्यात नेऊन सोडलं. मी खिडकीचे गज धरून उभा राहिलो. येणारेजाणारे मला वाट देऊन जात होते, जसं बांधलेल्या बैलाला देतात.

आतून परीक्षकांचा आवाज आला, "घाबरू नकोस. क्रम आठवतो का?"

मनस्वीने फलकाकडे पाठ केली. डोळे मिटले. ओठ हलू लागले.

"मोठ्याने म्हण."

तिने डोळे उघडले आणि थेट खिडकीकडे, माझ्याकडे पाहिलं. "मोठ्याने नको, सर."

"का?"

"ते नाना आहेत बाहेर."

"असू देत. म्हण."

तिने एक श्वास घेतला आणि एका दमात म्हणाली:

"कावतात, तणतणतात, लालबुंद नाना पिसाळतात; हिरमुसतात, निवळतात, जांभई, रामराम, पांघरूण!"

माझ्या पडवीतली सगळी पोरं 'पिसाळतात'पासून तिच्याबरोबर म्हणत होती. चांगली तालीम होती. समर्थही म्हणत होता, पाच वर्षांचा. 'पांघरूण'ला सगळ्यांनी दोन्ही हात डोक्यावरून ओढून घेतले. म्हणजे अभिनयसुद्धा बसवलेला होता! माझ्या बटरवर!

"पिसाळतात, जांभई, तणतणतात," मनस्वी पुटपुटली आणि ढिगातून एक रेझिस्टर उचलला. पिवळा, जांभळा, तपकिरी. जोडला. लाल दिवा लागला. लागलेलाच राहिला.

परीक्षकांनी रुमाल तोंडाला लावला होता. बराच वेळ लावला होता. मग म्हणाले, "पास. रत्नागिरीला येशील. पण तो फलक नको, हे वाक्य घेऊन ये."

भागोजी मनस्वीला घेऊन बाहेर आला. मला वाकून नमस्कार केला आणि पोरीला म्हणाला, "उद्यापासून टेबलाशी बस. पन मीटर लावूनच खातरी करायची. नानांवर इसंबून ऱ्हायचा नाय." याचा अर्थ काय घ्यायचा ते मी अजून ठरवलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मनस्वी पडवीत आली. बोटावर सोल्डरिंगचा छोटासा चटका होता आणि तो ती सगळ्यांना दिसेल असा धरून बसली होती. हातात एक कागद. "नाना, श्रद्धा मॅडमनी पाठवलंय. ना-हरकत पत्र. वाक्यात तुमचं नाव आहे ना."

मी कागद घेतला. चष्मा लावला. लाल पेन काढलं. एकतीस वर्षांचा हात होता. कुठेतरी काहीतरी सापडणारच. का, त, ला, ना. पि, हि, नि. जां, रा, पां. पुन्हा तपासलं. उलट्या बाजूने तपासलं. दहाच्या दहा. शिवाय माझ्या वाक्यात लाडू तळायचे की वळायचे हा घोळ होता. या वाक्यात तसला घोळही नव्हता. घटनाक्रमसुद्धा बरोबर होता. पांघरुणासकट.

गडग्यावर काशीराम उभा होता. मथुरा भाजी निवडत होती. पोरं माझ्या पेनाकडे बघत बसली होती. एवढ्यात काशीराम म्हणाला, "नानानू, सही करा, पन येवढा 'पिसाळतात' नको हां. मानसाला बरा दिसत नाय. 'चिडतात' करा. आनि 'कावतात' काढून 'समजावतात' घाला. येवढी वर्सां पोरांना शिकवलांत, जिल्ह्यात तुमचा नाव..."

"काशीराम," मी म्हणालो, "'पि' पिवळ्याचा आहे. 'चि'चा रंग मला दाखव! 'का' काळ्याचा आहे. 'स' कुठे बसवू, तुझ्या डोक्यावर? एक अक्षर, एक काना, एक वेलांटी जरी कोणी बदललीत, तुझ्यापासून त्या लाल पेनवाल्या साहेबापर्यंत कोणीही, तर गाठ माझ्याशी आहे! नाना पिसाळतात! पिसाळतातच! लिहून घ्या!"

आणि मी सही केली.

हे सगळं मी अगदी शांतपणे म्हणालो. मथुरा म्हणते, हेदवीपर्यंत ऐकू गेलं.